मत्स्यराणीचे तीन दोर

एका राज्यात तीन वर्षं एक जहाज बंदरात उभं होतं, अन् वारा त्याच्या अंगावरून नुसताच निघून जात होता. जहाजाचं नाव मत्स्यराणी. राजा भानुकेतूनं एका म्हाताऱ्या मांत्रिकाला ‘जुनाट ओझं नको’ म्हणून तिच्यावरून उतरवलं होतं. मांत्रिक धक्क्यावरून म्हणाला, “राजा, शिडाचे तिन्ही दोर झिजतील. डोलकाठीवर चढेल त्याचा पाणकावळा होईल. जुनं जेव्हा नव्याला हात धरून वर नेईल, तेव्हाच शाप सुटेल.”

राजानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं अन् दोर बदलायला खलाशांच्या म्होरक्याला, राणोजी तांडेलाला, वर चढवलं. झाला की हो पाणकावळा!

राणोजीची बायको जयाई काथ्याचे दोर वळायची. ती धक्क्यावर वळत बसे अन् तो डोलकाठीवरून बोलत बसे. “अगं, पीळ सैल पडतोय!”

“मग खाली या अन् तुम्हीच वळा,” ती म्हणे.

पण पक्षी हळूहळू माणसांचे शब्द विसरू लागला. आधी मीठ विसरला, मग घर, मग लेकीचं नाव. जयाईचं नाव विसरला की तो समुद्रावर उडून जाणार होता, कायमचा.

तीन वर्षांत तिचे तीन दोर वळून झाले. ती राजापुढे उभी राहिली. “महाराज, वर चढायचं कामच नाही. जुन्याच्या शेपटाला नवा बांधते. जुना ओढला की नवा त्याच्यामागून डोलकाठीवरच्या कप्पीतून जाईल.”

“करून दाखव.”

पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ती गाठ मारणार, तोच उतावळ्या राजानं मदत म्हणून तलवार उपसली अन् जुना दोर सपकन कापला. दोर कप्पीतून निसटून धपकन खाली पडला.

“अहो महाराज, काय केलंत हे!” जयाई किंचाळली. राजापुढे असं कुणी बोलत नसे. राजाची मान खाली गेली.

तिनं वर पाहिलं. “अहो, मी कोण? सांगा ना!”

पक्ष्यानं मान वाकडी केली. “ज...” म्हणाला अन् थांबला.

जयाईनं डोळे पुसले. पडलेल्या दोराचा एक पेड सोडवला, नव्या दोराला बांधला अन् पेडाचं मोकळं टोक उंच धरलं. “बोलू नका. एवढं कप्पीतून ओवा.”

पाणकावळ्याला आणखी पाणकावळा कोण करणार! त्यानं पेड चोचीत धरला, कप्पीतून ओवला अन् टोक तिच्या हाती आणून दिलं. जयाईनं ओढलं, राजानंही ओढलं. जुन्या पेडामागून नवा दोर सरसर वर गेला, शीड फुगलं अन् फळ्यांवर राणोजी उभा राहिला, दाढीला तीन वर्षांचं मीठ लागलेला.

तो नव्या दोरावरून हात फिरवीत राहिला. जयाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“पीळ सैल आहे,” तो म्हणाला. “जयाई, किती वेळा सांगायचं तुला?”

ती रडली, अन् रडता रडता भांडलीही.

राजानं मग स्वतः त्या मांत्रिकाला हात धरून जहाजावर चढवलं, अन् मत्स्यराणी निघाली. तेव्हापासून त्या राज्यात नवा दोर बांधल्यावाचून जुना कुणी कापत नाही. राणोजी-जयाईचं पिळावरून अजून वाजतंच. त्यांचं भांडण काही सरलं नाही, आपली गोष्ट मात्र सरली.