बिनचूक फ्रेंच

एका गावात एक मास्तर होते. गाव इंग्रजी बोलणारं, नदीपलीकडचं गाव फ्रेंच. मास्तर पोरांना फ्रेंच शिकवत. त्यांचा खाक्या असा, की बोलताना जो चुकेल त्यानं दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पोरं काय कमी हुशार? तोंडच उघडलं नाही, तर चूक होणार कुठून? सगळी मुकाट्यानं लिहीत बसत. लेखी परीक्षेत शाळेचा पहिला नंबर ठरलेला, आणि मास्तरांना त्याचा कोण अभिमान.

वर्गात एडिथ सगळ्यांच्या पुढे. तिच्या वहीत लाल शाई दिसायची नाही. तिचे वडील सुतार होते. त्यांना फ्रेंचचं एक अक्षरही येत नव्हतं, पण लेकीचं कौतुक ते गावभर सांगत.

थंडीत नदी गोठली, की लोक बर्फावरून घोड्याची घसरगाडी हाकत पलीकडे जात. आर्सेन नावाचा फ्रेंच म्हातारा रोज बर्फ तपासायचा आणि पक्क्या वाटेच्या कडेनं फांद्या रोवायचा. एका सकाळी एडिथ आणि वडील निघाले, तर तो त्याच फांद्या उपटत होता. दोन्ही काखांत फांद्या धरून तो त्यांना घाईघाईनं काहीतरी सांगू लागला.

वडिलांनी गाडी थांबवली. "काय म्हणतोय गं?"

एडिथला निम्मंच कळलं. बर्फाबद्दल काहीतरी होतं. पुन्हा विचारलं असतं, तर म्हाताऱ्यानं सावकाश सांगितलं असतं. तिनं मनात वाक्य जुळवलं, पण ते बरोबर आहे याची खात्री होईना. ती गप्प राहिली. आणि कळलं नाही असं वडिलांना सांगायची तिला लाज वाटली.

"वाट बदलणार आहे म्हणे. आज जायला हरकत नाही."

वडिलांनी घोडा हाकला. पाठीमागून म्हातारा ओरडत राहिला. मध्यावर बर्फ फुटला. म्हाताऱ्यानं सरपटत जाऊन एडिथला बाहेर ओढलं. वडील सापडले ते चौथ्या दिवशी.

मास्तर भेटायला आले.

"त्याचं बोलणं फार अवघड होतं का, बाळ?"

"नाही, मास्तर. फक्त पुन्हा विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"चुकलं असतं तर?"

आत तिची आई रडत होती. तिला भेटायचं धैर्य मास्तरांना झालं नाही. ते तसेच उठून गेले.

तात्पर्य: ज्या शाळेत चुकायची सोय नसते, तिथलं मूल गप्प बसायला शिकतं, आणि ते गप्प बसणं एखाद्याच्या जिवावर बेततं.