पायलीवरची शीग

“उद्यापासून अन्नछत्र बंद!” राजा उदारसेनानं भर पंगतीत फर्मान सोडलं.

घडलं ते असं. छत्राचा रिवाज होता, की पानात वाढलं तरी घास उचलायचा नाही. आधी भाटानं महाराजांच्या दानाचं कवन गायचं, मग पंगतीनं जयजयकार करायचा, आणि मग काय उरेल ते जेवण जेवायचं. त्या दिवशी महाराज जातीनं आले होते, म्हणून भाटाला चेव चढला. “रोज शंभर पायल्या धान्य वाटतो उदारसेन!” एवढीच ओळ त्यानं इतकी आळवली, की गोजरा म्हातारीनं सरळ आमटीची वाटी तोंडाला लावली.

“ए म्हातारे, जयजयकार कोण करणार?” दिवाण खेकसला.

“करते की बाबा! आमटी गार होतेय. जय काय, गार झाला तरी चालतो.”

अख्खी पंगत फिस्सकन हसली, आणि राजाचा चेहरा तांबडालाल झाला.

म्हातारीची सून भिवरा राजाच्या कोठारात धान्य पाखडायची. फर्मान ऐकताच ती हातातल्या सुपासकट पुढं आली.

“महाराज, एका म्हातारीच्या तोंडापायी एवढ्यांची तोंडं बंद करता? ही लुळीपांगळी माणसं जाणार कुठं?”

“कुठंही जावोत! दान म्हणजे मर्जीचा मामला. माझी मर्जी होती, वाटलं. मर्जी संपली! मी काय देणं लागतो यांचं?”

“पण महाराज...”

“एवढा कळवळा आहे ना? मग उद्याची पंगत तूच घाल! पण माझ्या कोठारातला दाणा मिळायचा नाही. रयतेकडे शेतसाऱ्यापेक्षा जास्त काही मागायचं नाही. आणि कुणापुढं पदर पसरायचा नाही. एक जरी माणूस उपाशी उठलं, तर तुम्ही सासूसुना वेशीबाहेर!”

भिवरानं सासूकडं पाहिलं. वेशीबाहेर नुसतं माळरान. दोन पावलं चालली की म्हातारीला धाप लागायची.

ती कोठाराशी परतली. सुगीचे दिवस होते, साऱ्याचं धान्य घेऊन आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. दारात मापाडी पितळी पायली भरत होता. पायली काठोकाठ भरली, तरी तो हाताचा आडोसा करून वर ओततच होता. पायलीवर ज्वारीची सुळक्यासारखी शीग उभी राहिली, दाणे ओघळायला लागले, तेव्हा कुठं त्यानं “एक!” म्हटलं. आतल्या बाजूला कोठावळा छत्राचा त्या संध्याकाळचा शिधा मोजत होता. पायली तीच. पण त्यानं ती भरली, वरून लाकडी पट्टी फिरवली, शीग पार सपाट केली आणि म्हणाला, “एक!”

भिवरा रोजच हे पाहत होती. आज मात्र तिचं सूप हातातच थांबलं. ती तशीच राजाकडं धावली.

“महाराज, धान्य नको. कोठावळ्याची ती पट्टी तेवढी द्या.”

“पट्टी शिजवून वाढणार की काय!” राजा खो खो हसला. “द्या रे तिला!”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा कोठाराच्या दारात घोंगडी अंथरून उभी राहिली. मापाडी पायली भरायचा, ती सर्रकन पट्टी फिरवायची. सपाट पायली कोठारात, शीग घोंगडीवर! बघता बघता ढीग दिवाणाच्या पगडीएवढा झाला, मग दिवाणाएवढा.

“चोरी! दिवसाढवळ्या चोरी!” दिवाण किंचाळला. राजा धावत आला.

“महाराज, पायली भरलीय ना?” भिवरानं विचारलं.

“शीग कुठंय? शिगेशिवाय पायली असते होय?”

“असं म्हणता? भाटबुवा, कालचं कवन होऊ द्या जरा!”

भाटानं सवयीनं तान घेतली, “रोज शंभर पायल्या...”

“खोटं!” भिवरा म्हणाली. “छत्राला मिळतं ते याच पट्टीनं सपाट केलेलं. शिगेशिवाय पायली नसते, तर महाराजांनी आजवर एक पायलीही दान केली नाही. काढा या भाटबुवांना वेशीबाहेर!”

“मला जे सांगतात तेच मी गातो!” भाट लटपटला.

“आणि सपाट पायली खरी असेल, तर महाराजांचा सारा पोचला. हा ढीग उंबऱ्याच्या अलीकडं आहे, म्हणजे कोठारातला नाही. मी मागितलेला नाही, गाड्यांतून आपला आपण आलाय. आणि पदर तर हा बघा, कमरेला खोचलाय!”

“घेताना डोंगर, देताना मैदान!” रांगेतून कुणीतरी ओरडलं. गाडीवाल्यांत खसखस पिकली.

“अस्सं!” दिवाणाला एकदम युक्ती सुचली. “मग ती शीग गाडीवाल्यांची. त्यांच्याकडं मागितलीस की हरलीस!”

“ती कशाला मागेल?” एक पिकल्या मिशांचा शेतकरी गाडीवरून उतरला. “आम्ही बापजाद्यांपासून छत्रालाच देतोय की. वाटेत तुमच्या वाड्यावर मुक्काम पडायचा, एवढंच!”

दिवाण पगडी सावरत मापाड्याच्या मागं सरकला. राजा मात्र ढिगाकडं बघत राहिला.

“म्हणजे... मी वाटत होतो ते...”

“या शिगेतलंच, महाराज. त्यातूनही तुम्हाला वर उरत होतं. काल विचारलंत ना, मी काय देणं लागतो? हा बघा ढीग!”

राजानं एकदा भाटाकडं पाहिलं, एकदा दिवाणाकडं, आणि मग तो असा गदगदून हसला की मुकुट घरंगळत घोंगडीवर गेला.

“बाई गं, माझंच माप माझ्या पदरात घातलंस!” त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं. “ही पट्टी आता दारातच टांगा. घेतानाही हीच, देतानाही हीच! छत्राच्या किल्ल्या भिवराकडं. आणि हा भाट आजपासून आमटी वाढेल!”

दुपारी पंगत बसली. राजा स्वतः गोजरा म्हातारीसमोर येऊन उभा राहिला.

“काय आजी, आज तरी जय म्हणणार ना?”

“म्हणते की! पण कुणाचा? पिकवलं त्यांचा, की मोजून घेतलं त्यांचा?”

राजाला हसू आवरेना. तिच्या पुढ्यात वाटी सरकवत तो म्हणाला, “आधी आमटी प्या आजी, गार होतेय!”