माडबेटाचा झिरा

श्री विदेहनाथ महाराज त्या काळी खारवेळ गावी, समुद्राकाठच्या कुडाच्या मठीत राहत होते. मठीच्या दारातून समोर पाहिले की क्षितिजाजवळ एक टीचभर बेट दिसे. तेच माडबेट. मासेमारांची साठ माणसांची वस्ती, आणि होडी जाणार तीही वाऱ्याची मर्जी असेल तेव्हाच. तिथे ना देऊळ होते ना भजन. एके दिवशी महाराजांनी आत्माराम नावाच्या आपल्या बावीस वर्षांच्या शिष्याला बोलावले आणि म्हणाले, "आत्मारामा, तू तिकडे जाऊन राहा. त्या लेकरांना नाम दे."

आत्माराम कृष्णाकाठचा, देशावरचा. मठीत येईपर्यंत त्याने समुद्र पाहिलाही नव्हता. होडीत त्याला इतक्या उलट्या झाल्या की बेटावर उतरला तो हातापायांवर! काठावर बेटाचा प्रमुख गुणाजी तांडेल उभा होता. तो पोट धरून हसला. "बघा रे! आमका देव शिकवूक इलो, तो रांगत इलो!" त्या दिवसापासून लहानथोर सगळे आत्मारामाला 'रांगतो बुवा' म्हणू लागले.

बिचारा सोसत होता. खाऱ्या वाऱ्याने ओठ फुटले. झोपडीला लागूनच सुकट वाळत असे, त्यामुळे साधा वरणभातही त्याच्या घशाखाली उतरेना. पहाटे उठून तो टाळ वाजवी, तर ऐकायला चिटपाखरूही नसे. पुढे त्याच्या ध्यानात आले की इथला दिवस सूर्यावर नव्हे, ओहोटीवर चालतो. बेटावर गोडे पाणी एकाच ठिकाणी, किनाऱ्याच्या वाळूतल्या एका झिऱ्यात. भरतीला तो बुडून जाई आणि ओहोटीला उघडा पडे. मग बायका भोवती बसून करवंटीने थेंब थेंब पाणी उपसत. ओहोटी आज पहाटे, तर आठवड्याने दुपारी. आत्मारामाने भजनच झिऱ्याकाठी नेले. हळूहळू दोघीतिघी त्याच्यामागे गुणगुणू लागल्या, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पण चांगल्या मनानेही माणूस चुकतो. बायकांचा अर्धा अर्धा दिवस पाण्यापायी जातो हे त्याला पाहवेना. देशावर नदीतला झिरा आटला की आणखी खोल खणतात. तेवढेच त्याला ठाऊक! एका ओहोटीला सगळ्या घरी गेल्यावर त्याने कुदळ घेतली आणि कमरेइतका खड्डा खणला. पाणी भरभरून आले. त्याने आनंदाने ओंजळ तोंडाला लावली आणि तो जागीच बसला. पाणी खारट! गोड्या पाण्याचा थर वरच्यावर होता, खणल्याने खालचा समुद्र वर आला होता.

वैशाख चालला होता, त्यात दक्षिणेचा वारा सुटलेला. होडी लोटणे अशक्य. माडांवरची शहाळी साठ तोंडांना कितीशी पुरणार? दोन दिवसांत संपली. गुणाजीची लेक शेवंती आठ दिवसांची बाळंतीण होती. तिचे दूध आटू लागले. गुणाजी आत्मारामापुढे येऊन ओरडला, "माझ्या चेडवाक काय पाजू? तुजो देव? पाणी गोडा होवक महिनो जातलो! तिका काय झाला तर तुका दर्यात बुडवतलंय!"

 आत्मारामाने खड्डा पुन्हा वाळूने पूर्वीइतका भरला आणि दुपारच्या ओहोटीला करवंटीने खारे पाणी उपसायला बसला. "महाराज, अपराध माझा आहे. तहान त्या लेकीला का?" एवढेच म्हणून त्याने नाम धरले. भरतीची वेळ झाली तरी तो उठला नाही.

वरच्या खडकावर गुणाजी तोंड फिरवून बसला होता. लाटांचा आवाज जवळ आला तसे त्याने वळून पाहिले. झिऱ्याशी दोघे होते! आत्मारामासमोर धोतराचा काचा मारलेला एक म्हातारा बसला होता आणि भराभर उपसत होता. बेटावरच्या साठही माणसांना गुणाजी ओळखत होता. हा त्यांतला नव्हता. पण विचार करायला वेळ कुठला? राग विसरून तो उठला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "ए म्हाताऱ्या, वर ये! भरती इली! त्या पोराकव घेवन ये!"

आणि मग त्याने जे पाहिले ते सांगताना पुढे जन्मभर त्याच्या अंगावर काटा येई. दोन्ही बाजूंनी पाणी खडकांना भिडले. झिऱ्यापासून हातभर अंतरावर मात्र समुद्र थांबला. लाट येई, उभी राही, मागे सरे. गुणाजी धावत खाली पोचला तेव्हा तिथे एकटा आत्माराम होता. म्हातारा कोण, असे विचारताच आत्माराम म्हणाला, "कोण म्हातारा?" त्याला कुणीच दिसले नव्हते. गुणाजीने झिऱ्यातले पाणी चाखले. गोड! अगदी गोड! त्याची हाक ऐकून धावत आलेल्या बायकांच्या हाती त्याने पहिली घागर शेवंतीकडे धाडली. ती घागर खडकात खोदलेल्या शेवटच्या पायरीवर पोचली तेव्हा कुठे समुद्राने झिरा झाकला.

वारा पडताच गुणाजी आत्मारामाला घेऊन खारवेळला आला. मठीत महाराज बसले होते. दोन्ही तळहात चिंध्यांनी बांधलेले. करवंटीच्या कडेने पडावेत तसे बोटांवर ओरखडे. गुणाजी दारातच खिळला.

"महाराज, तुमीच थंय व्हतास!" तो रडू लागला. "ह्या पोराक मी रांगतो म्हटलंय, बुडवतलंय म्हटलंय. माका कित्याक दर्शन दिलास?"

महाराज हसले. म्हणाले, "अरे, ज्याच्यावर तू इतका चिडला होतास त्याचाही जीव वाचावा म्हणून तू हाक मारलीस. त्या हाकेनेच तर समुद्र थांबला. मी आपला पाणी उपसत होतो."

एवढा उंचापुरा तांडेल, पण लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. उंबरा ओलांडायला त्याचे पाय उचलेनात. मग तो खाली बसला, हात टेकले, आणि सगळ्यांदेखत रांगत रांगत महाराजांच्या पायांपाशी गेला.