अडून बसलेलं इंजिन

वस्तूंचं बोलणं माणसांना अजून ऐकू येत असे, तेव्हाची ही गोष्ट. प्रभाताई कर्णिकांनी घरातल्या जुन्या टेबलावर छोटी रेल्वे मांडायला घेतली होती. रूळ गोल जोडून झाले, पुठ्ठ्याचं स्टेशन उभं राहिलं, पण किल्लीचं इंजिन काही जागचं हलेना.

"स्टेशनला पाटी नाही, मी थांबणार कुठे?" ते म्हणालं. ताईंनी पाटी लावली. "बोगदा नाही, शिट्टी घुमणार कशी?" ताईंनी बोगदा केला. मग त्याला डोंगर हवा झाला आणि डोंगर झाल्यावर त्यावर हिरवळ.

"हिरवळ तुम्ही खाणार आहात का?" मागच्या डब्याने विचारलं.

खरं तर इंजिनाला पुढच्या वळणाची धास्ती होती. सगळ्यांसमोर घसरलो तर काय अब्रू राहील, या विचाराने त्याची चाकं आखडून जात.

शेवटी ताई वैतागल्या. "हिरवळीचा रंग वाळेपर्यंत एक फेरी मार बाबा," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली आणि इंजिन सोडलं. ते ऐटीत स्टेशनातून निघालं, बोगद्यातून बाहेर पडलं आणि वळणावर धाडकन आडवं झालं. डबाही त्याच्यावर कलंडला.

ताईंनी दोघांना उचलून पुन्हा रुळांवर ठेवलं आणि वळणावरचा वर आलेला सांधा बोटाने दाबून बसवला.

"लागलं का हो?" डब्याने हळूच विचारलं.

"पडणं म्हणजे एवढंच असतं होय?" इंजिन म्हणालं. "ताई, किल्ली द्या. आणि जरा जास्त द्या."