भृंगराजाचा पहारा

फार पूर्वी नदीकाठच्या रानात हरणं चरायची, आणि वर ऐनाच्या झाडावर एक म्हातारा वानर बसायचा. वाघ दिसला की तो ओरडायचा आणि हरणं पळायची. असंच चालत आलं होतं.

मग तिथं भृंगराज पक्षी आला. ऐकलेला कुठलाही आवाज तो हुबेहूब काढायचा. पैलतीरावरच्या गव्यांनी पहाऱ्याला असे तीन पक्षी ठेवलेत, असं कळल्यावर हरणांचा मुखिया म्हणाला, "मग आपणच मागं राहायचं का? वानरबाबा, तुम्ही आता आराम करा."

वानर दूरच्या झाडावर जाऊन बसला. तिकडं कुणी फिरकेना.

एका सकाळी भृंगराज गोड आवाजात सांगत होता, "सगळं ठीक आहे, निवांत चरा." वानराला मात्र गवतात पट्टे दिसले, आणि पुढ्यातच एक पाडस. तो जीव तोडून ओरडला.

"म्हातारा जळतोय," हरणं हसली. पण पाडसाची आई उधळली, तिच्यामागं पाडस, आणि वाघाची झेप रिकामी गेली.

मुखियानं भृंगराजाला विचारलं, "तुला दिसला नाही?"

"मी कुठं बघतो? सकाळी सगळे जे बोलतात, ते बोललो."

मुखिया विचारात पडला. "पण याला काढला तर गवे हसतील आपल्याला," म्हणाला, आणि पहारा भृंगराजाकडंच राहिला.

संध्याकाळी भृंगराज वानराकडं आला. "आजोबा, वाघ दिसतो तरी कसा?"

किती दिवसांनी कुणीतरी आलं होतं! वानर फांदीवर सरकून म्हणाला, "बैस बाळा. त्या गवताकडं बघत राहा."

"बैस बाळा. त्या गवताकडं बघत राहा," भृंगराज अगदी त्याच्याच आवाजात म्हणाला, आणि शाबासकीसाठी वानराच्या तोंडाकडं बघत राहिला.