बरणीखालचा पेंढा

एकदा एका तरुण दुकानदारावर असा प्रसंग आला, की दुकानात माल ठासून भरलेला, वैशाखाचा हंगाम ऐन भरात, आणि विक्री मात्र नावाला नाही.

दुकान चिनीमातीच्या बरण्यांचे होते. वैशाख हा लोणच्याचा महिना. बाजारात कैऱ्या आल्या, की घरोघरच्या बायका नवी बरणी घ्यायला निघतात. याच हंगामावर त्याचे वर्ष निभत असे. यंदाही त्या येत होत्या, काचेपाशी थांबत होत्या, आणि मान हलवून पलीकडच्या दुकानात जात होत्या. मृगापर्यंत माल हलला नाही तर दुकानाला कायमचे टाळे लावून गावी परतावे लागणार, हे त्याला कळून चुकले होते. अखेर त्याने आपल्या गुरूला बोलावणे धाडले.

गुरू म्हणजे एक वृद्धा. भांड्यांच्या व्यापारात तिचे केस पांढरे झाले होते, आणि सारी पेठ तिला आक्का म्हणत असे. हा तरुणही धंदा तिच्याच हाताखाली शिकलेला.

आक्का आली आणि उंबऱ्यातच थबकली. चांगल्या बरण्या कुलूपबंद काचेच्या कपाटात होत्या. उरलेल्या खोक्यांत, भोवती पेंढा कोंबून सुतळीने आवळलेल्या. वर लाकडी पाटी : ‘हात लावू नये.’

“काय रे, हे दुकान काढलंस की देऊळ? बाया लांबून हात जोडून जात असतील!”

“चेष्टा नको, आक्का. माल तोच आहे, भावही तोच आहे.”

“बरणी कशी घेतात, विसरलास?”

तो विसरला नव्हता. बाई बरणी उचलते, टिचकी मारून तिचा नाद ऐकते, काठावरून बोट फिरवते, झाकण बसवून पाहते. केसाएवढा तडा असला तरी खार झिरपतो आणि वर्षाचे लोणचे नासते. मग बरणीला कोणी नावे ठेवत नाही, त्या बाईच्या हाताला ठेवतात. अशी वस्तू नुसत्या डोळ्यांनी पाहून कोण घेईल?

“मी हे हावरेपणानं नाही केलं, आक्का,” तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. “गेल्या वर्षी एका नव्या नवरीच्या हातून बरणी निसटली. ठिकरी तिच्या पायात रुतली. मीच उपसून काढली. रक्त थांबेना, आणि ती पोर रडत रडत माझीच माफी मागत होती. तेव्हापासून कोणी बरणीला हात घातला, की मला ती ठिकरीच दिसते.”

आक्काचा चेहरा मवाळला. ती एवढेच म्हणाली, “किल्ली दे. आणि गोणपाट आण.”

तिने खोकी फोडली आणि आतला सगळा पेंढा ओढून काढला.

“अहो आक्का, माल उघडा पडला!”

“पडू दे. तू दाभण धर.”

दुपार कलेपर्यंत दोघांनी गोणपाटात पेंढा भरून जाड गादी शिवली आणि ती भिंतीलगतच्या फळ्यांच्या मांडणीच्या पायथ्याशी अंथरली. जड बरण्या खालच्या फळीवर आल्या. भिंतीवरची पाटी उतरवून आक्काने ती वरच्या फळीच्या काठाला उलटी ठोकायला लावली, म्हणजे बरणी सहज सरकणार नाही. मग कुलूप काढून तिने कपाटातली सर्वांत देखणी बरणी उचलली, कमरेइतकी वर धरली, आणि सोडून दिली.

तरुणाने डोळे गच्च मिटले. धप्प!

“उघड डोळे, लेका.”

बरणी गादीवर आडवी पडली होती. अखंड.

“पेंढा तुझ्याकडे होताच,” आक्का म्हणाली. “तू तो बरणीभोवती आवळलास, मी बरणीखाली घातला. हातातून वस्तू निसटायचीच, ते काही पाप नव्हे. तू भ्यालास ठिकरीला आणि शिक्षा केलीस हातांना! काळजी त्या पोरीच्या पायाची होती ना? मग तिच्या पायाशी काहीतरी करायचं. तू निघालास कुलूप आणायला. आणि ऐक, या गादीवरही एखादी बरणी कधीतरी फुटेल. तेव्हा केरसुणी घेऊन धावायचं. सांभाळणं म्हणतात ते एवढंच असतं.”

थोड्याच दिवसांनी गेल्या वर्षीची तीच नवरी दुकानात आली. हात पदराखाली घट्ट धरलेले. “मी आपली लांबूनच बघते,” ती म्हणाली.

त्याला पुन्हा ती ठिकरी दिसली. दिसायचीच होती. तरी त्याने फळीवरची बरणी उचलून तिच्या हातात दिली. “बघून काय कळणार, ताई? वाजवून घ्या.”

तिने टिचकी मारली, कान लावला, नापसंतीने बरणी परत ठेवली. दुसरी उचलली. काठावरून बोट फिरवले, झाकण बसवले, पुन्हा काढले. तिच्या हाताखाली धरायला त्याचे हात नकळत पुढे झाले होते. ते त्याने मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत गुंफून तो शांत उभा राहिला.

ज्यांच्या घरात वाढत्या लेकी आहेत आणि काळजीपोटी हातात कुलूप आहे, त्यांनी ही गोष्ट आणखी एकदा वाचावी.