थेंबुली निघाली फुंकर आणायला

एक होती थेंबुली. रक्ताची एवढीशी थेंबुली. शमूच्या अंगात फिरायची, टुबुक टुबुक.

थेंबुली होती लालचुटूक. तिच्या मुठीत असायची फुंकर. हवेची ऊबदार फुंकर. कोणासाठी? शमूच्या पायाच्या करंगळीसाठी!

एक दिवस काय झालं, थेंबुलीने करंगळीला फुंकर दिली. करंगळीने ती गट्टम केली. म्हणाली, "अजून!"

थेंबुलीने मूठ उघडली. मूठ रिकामी! लालचुटूक रंगही गेला. थेंबुली झाली मळकी मळकी.

करंगळी म्हणाली, "थेंबुली गं, मला गार वाटतंय. फुंकर आण ना."

फुंकर कुठे मिळते? लांब लांब. वर, छातीत. तिथे हृदय असतं, लब-डब, लब-डब. शेजारी असतात फुप्फुसं. ती फुंकरी वाटतात. थेंबुलीला छातीची फार फार आठवण आली. पण रस्ता सगळा चढाचा, आणि ही इवलीशी.

करंगळीत असतात बोळ. केसाहून बारीक बोळ. त्यांचं नाव केशिका. केशिकेतून थेंबुली निघाली, टुबुक टुबुक. पुढे भेटली नीला. नीला म्हणजे रक्ताची नळी, खालून वर नेणारी.

"नीलामावशी, नीलामावशी, मला वर ने.
करंगळीला फुंकर मिळेना!"

नीला म्हणाली, "मी नाही नेत जा! वर झडपेचं दार बंद. आधी तिला उघडू दे."

थेंबुली गेली झडपेकडे, टुबुक टुबुक.

"झडपताई, झडपताई, दार उघड.
नीला नेईना,
करंगळीला फुंकर मिळेना!"

झडप म्हणाली, "मी नाही उघडत जा! आधी पोटरीला दाबू दे."

पोटरी नीलेच्या भिंतीपलीकडेच होती. मऊमऊ, गुबगुबीत, आणि महा आळशी. थेंबुलीने भिंत वाजवली, टकटक टकटक.

"पोटरीकाकू, पोटरीकाकू, नीलेला दाब.
झडप उघडेना,
नीला नेईना,
करंगळीला फुंकर मिळेना!"

पोटरी म्हणाली, "मी नाही दाबत जा! आधी गुडघ्याला सुटू दे. बघ कसा दुमडून बसलाय."

थेंबुलीने मान वर केली. हाक मारली, "ओऽऽ!"

"गुडघेआजोबा, गुडघेआजोबा, सरळ व्हा.
पोटरी दाबेना,
झडप उघडेना,
नीला नेईना,
करंगळीला फुंकर मिळेना!"

गुडघा म्हणाला, "मी नाही सुटत जा! आधी शमूला उठू दे."

आणि शमू काय करत होती? दारात बसली होती. पाय दुमडून, गाल फुगवून. आई कामाला गेली होती आणि अजून आली नव्हती. बाबा म्हणाले, "शमू, आत ये बाळा. पोळी खा." शमू हलली नाही. तिची नजर रस्त्यावर.

थेंबुलीने पायात हळूच केलं, झिण् झिण्.

"शमूराणी, शमूराणी, ऊठ ना गं.
गुडघा सुटेना,
पोटरी दाबेना,
झडप उघडेना,
नीला नेईना,
करंगळीला फुंकर मिळेना!"

शमू म्हणाली, "मी नाही उठत जा! आधी आईला येऊ दे."

झालं! आता काय करायचं? आईला कोण सांगणार? आई पायात नव्हती. आई होती रस्त्यावर. थेंबुली बसली रडत, मुळूमुळू.

"आई येईना,
शमू उठेना,
गुडघा सुटेना,
पोटरी दाबेना,
झडप उघडेना,
नीला नेईना,
करंगळीला फुंकर मिळेना!"

खालून करंगळीचा आवाज आला. अगदी बारीक. "थेंबुली, येतेस ना गं?"

थेंबुलीने डोळे पुसले. सगळ्या थेंबुल्यांना गोळा केलं. म्हणाली, "चला गं! एकदम!"

झिण् झिण् झिण् झिण्!

शमूचा पाय झणझणला. इतका वेळ ती नुसती वाट बघत होती. आता मोठ्याने ओरडली, "आईऽऽ! ये ना गं!"

आई होती वळणावर. आईने हाक ऐकली. पिशवी सावरली आणि पळत सुटली, चट् चट् चट् चट्.

"आले गं माझ्या शमूल्या!"

मग काय मज्जा!

आई आली,
शमू उठली,
गुडघा सुटला,
पोटरीने दाबलं,
झडप उघडली,
नीलेने नेलं!

शमू अंगणातून धावली, लंगडत लंगडत. आत थेंबुली धावली, सुर्र सुर्र. पोटरीने दाबलं की दार उघडायचं. थेंबुली वर गेली की दार बंद, धप्प! मागे घसरायला नको ना, म्हणून.

सुर्र सुर्र, आलं हृदय. लब-डब! हृदयाने तिला ढकललं फुप्फुसात. फुप्फुस म्हणालं, "आलीस का गं? किती वाट पाहिली!" आणि मुठीत दिली फुंकर. ताजी ताजी. थेंबुली पुन्हा लालचुटूक!

आली परत हृदयात. लब-डब! हृदयाने तिला दिलं रोहिणीच्या हाती. रोहिणी म्हणजे रक्ताची दुसरी नळी, हृदयाकडून दूर नेणारी. रोहिणी भारी घाईची. धप् धप् धप्, थेट पायात. मग बारीक बारीक केशिका. मग करंगळी!

थेंबुलीने मूठ उघडली. फूऽऽ!

करंगळी झाली ऊन ऊन. गुलाबी गुलाबी. तिने थेंबुलीला घट्ट धरलं. म्हणाली, "आता जाऊ नकोस हं कधी."

थेंबुली म्हणाली, "गेले नाही तर आणू काय गं?"

करंगळीचे डोळे भरले. थेंबुलीचेही भरले. पण तिने करंगळीचा पापा घेतला आणि म्हणाली, "येते हं."

आणि निघाली, टुबुक टुबुक.

आणि आली, टुबुक टुबुक.

पुन्हा निघाली, पुन्हा आली. थेंबुली येत राहिली, करंगळी ऊन राहिली. आता आण बघू तुझा पाय. तुझ्या करंगळीत कोण आलंय?